घनप्रकाशाची भिंत आणि तिचं वीजबिल

“भिंत प्रकाशाची आहे म्हणता, मग माझं पात्र तिच्यातून आरपार का जात नाही?”

विज्ञानकथेचा रोलप्ले मांडणाऱ्या टेबलांवर दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. सूत्रधार म्हणतो, घनप्रकाश आहे, घट्टच असणार. समोरून कोणीतरी बारावीचं भौतिकशास्त्र बाहेर काढतं. तासाभराने चहा गार झालेला असतो आणि खेळ होता तिथेच अडलेला. त्यात जग सामायिक असेल तर विचारूच नका. साताऱ्याच्या गटाने ठरवलेली भिंत गोळी अडवते, सांगलीच्या गटाची पावसात विरघळते, आणि दोन्ही गट कराडला एकत्र बसले की पहिली लढाई आपसातच होते. या गोंधळाबद्दल इतक्या वेळा विचारणा झाली आहे की सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

सांगलीला हा खेळ तसा नवा नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी तिथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्यांच्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणत कथा पुढे न्यायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची. तरीही गोंधळ होत नसे, कारण धनुष्य कोण मोडणार, रावणाची फजिती कशी होणार हे नटांना आणि प्रेक्षकांना आधीच ठाऊक असे. तुमच्या टेबलाची अडचण नेमकी इथे आहे. रामायण सगळ्यांना माहीत असतं, घनप्रकाशाचं पुराण कोणालाच माहीत नसतं. ते तुम्हालाच लिहायचं आहे, आणि एका पानात लिहायचं आहे.

मिरवणुकीतला लेझर डोक्यातून काढा

बहुतेकांच्या मनातला घनप्रकाश गणपतीच्या मिरवणुकीतून आलेला असतो. डॉल्बीसमोर धूर सोडलेला, त्यावर हिरव्या लेझरचं छत पसरलेलं, आणि हात वर केला की ते छत हाताला लागेल असं वाटतं. चित्र सुंदर आहे, पण त्यातून दोन चुकीच्या समजुती खेळात शिरतात.

पहिली, प्रकाशाचा झोत बाजूने दिसतो ही. स्वच्छ हवेत तो दिसत नाही. धुराचे आणि धुळीचे कण त्याला इकडेतिकडे उडवतात, म्हणून दिसतो. तुमची घनप्रकाशाची तलवार झगझगीत दिसत असेल तर तिच्यातला प्रकाश सतत बाहेर सांडतो आहे, म्हणजेच ती सतत ऊर्जा गमावते आहे. दुसरी, दिसेल तितका तो जोरकस असतो ही. ज्या लेझरने तळहाताला काही जाणवत नाही तोच डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतो. जोर वेगळा, दाह वेगळा. (खेळात वातावरणनिर्मितीसाठी लेझर पॉइंटर आणणाऱ्यांना हात जोडून विनंती: तो घरीच ठेवा. आमच्याकडे एकदा त्याची तिरीप कपाटाच्या आरशावरून फिरून थेट बसलेल्यांच्या तोंडावर आली होती. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर मेणबत्तीच.)

कोयनेचा हिशेब

प्रकाश ढकलतो हे खरं आहे. त्याला वस्तुमान नसलं तरी संवेग असतो, आणि आरशावरून परतताना तो आरशाला किंचित रेटा देतो. २०१० मध्ये जपानचं ‘इकारोस’ हे यान सूर्यप्रकाशाच्या याच रेट्यावर शीड उभारून अंतराळात चाललं. पण तो रेटा केवढा असतो, ते एकदा स्वतः आकडे मांडून पाहा. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

एक किलोची गुळाची ढेप प्रकाशाने खालून तोलून धरायची आहे. ढेपेखाली अगदी निर्दोष आरसा लावला तरी त्यावर सुमारे १,४७० मेगावॉटचा प्रकाश सतत पडला पाहिजे. कोयना प्रकल्पाची सगळी वीजगृहं मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट. म्हणजे पूर्ण कोयना एका झोतात ओतली, वाटेत काहीही वाया गेलं नाही असं धरलं, तरी ढेप तोलली जाते ती सव्वा-दीड किलोची. तीच ढेप लाकडी फळीवर ठेवली तर फळी एक युनिटही वीज मागत नाही.

आता सांगलीच्या टेबलावर नेहमी निघणारी कल्पना घ्या: पुराची भिंत. २०१९ चा ऑगस्ट ज्यांनी पाहिला, आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोका पातळी मागे टाकून कृष्णा कुठवर चढली ते ज्यांनी पाहिलं, त्यांना आपल्या काल्पनिक सांगलीभोवती अशी भिंत हवीच असते. मला ती इच्छा कळते. पण पाच मीटर खोल पाणी भिंतीच्या दर एक मीटर रुंदीवर सुमारे साडेबारा टनांचा रेटा देतं. तो नुसत्या प्रकाशाच्या दाबाने परतवायचा तर त्या एका मीटरसाठी नऊ हजारांहून जास्त कोयना लागतील. आजचं सगळं जग मिळून ज्या गतीने ऊर्जा वापरतं, साधारण तितकी. आणि सांगलीचा नदीकाठ एका मीटरचा नाही.

हे आकडे खेळ थांबवण्यासाठी दिलेले नाहीत. नुसता दिवा लावून भिंत उभी राहत नाही, दिव्याला जोडीदार लागतो, एवढं त्यांतून समजून घ्या. तो जोडीदार कोणता, एवढंच तुम्हाला निवडायचं आहे.

निवडण्यासारख्या वाटा

१. दिवा आणि धुकं. माझी पसंती हिला. दातात सिमेंट भरून घेतलं असेल तर हे तंत्र तुम्ही तोंडात अनुभवलेलं आहे: डॉक्टर मऊ लगदा भरतात, निळा दिवा वीसेक सेकंद धरतात, लगदा दगडासारखा होतो. प्रकाशाने द्रवाचं घन करणारे थ्रीडी प्रिंटरही याच तत्त्वावर चालतात. तुमच्या जगात हेच हवेत होतं असं धरा. नळ्यांतून बारीक धुकं सुटतं, प्रकाश त्यात आकार आखतो आणि जिथे प्रकाश पडतो तिथे धुकं क्षणात गोठतं. इथे रेटा सोसतो तो पदार्थ, प्रकाश फक्त गवंड्याचं काम करतो. तुम्ही मारलेली थाप एकच: गोठणं वीस सेकंदांऐवजी निमिषात होतं आणि दिवा गेला की उलटतं. एवढी थाप वाचकही खपवून घेतो. शिवाय खेळाला खाद्य भरपूर मिळतं. धुक्याची टाकी संपते, वाऱ्याने धुकं उडतं (वनकुसवड्याच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या शेजारी, अशी भिंत उभी करून दाखवाच), धुळीने प्रकाश अडतो, आणि भिंतीत अडकलेल्या माणसाच्या नाकातही तेच धुकं गेलेलं असतं.

२. प्रकाशाचा चिमटा. आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते लेझरच्या चिमट्याबद्दल. एकाग्र केलेल्या झोताच्या मध्यावर सूक्ष्म कण, अगदी जिवंत जीवाणूही, पकडून ठेवता येतात. पण ते बळ जीवाणूपुरतंच. म्हणून भिंतीसाठी नको, हेरगिरी, शस्त्रक्रिया, कुलपं अशा बारीक कामांसाठी घ्या. लहान शक्तीचं तंत्र खेळात जास्त टिकतं, कारण ते सगळेच प्रश्न सोडवत नाही.

३. आरशांत कोंडलेला प्रकाश. एकदा आपटून गेलेला प्रकाश वाया का घालवायचा? समोरासमोर दोन आरसे ठेवा, तोच प्रकाश पुन्हा पुन्हा आपटेल. गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या ‘लायगो’ वेधशाळांच्या चार-चार किलोमीटर लांब भुजांत प्रकाश सुमारे तीनशे फेऱ्या मारतो. तशीच एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. तीनशे वेळा आपटणारा कोयनेचा प्रकाश चार क्विंटल तोलेल. म्हणजे एक खिलार बैल. तुमच्या जगातले आरसे याहून लाखपट चांगले असतील तर पूलसुद्धा उभा राहील.

या वाटेची खरी मजा तिच्या दोषात आहे. आरसे केसभर हलले तरी प्रकाश निसटतो, आणि निसटलेला प्रकाश समोर येईल ते भाजून काढतो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्या कोयनेत झाला, जिथे अजूनही लहान-मोठे धक्के बसत असतात, तिथेच तुमचं आरशांचं प्रकाशगृह ठेवा. साताऱ्याच्या टेबलाला वर्षभराचं कथानक मिळेल.

४. एकमेकांना धरणारे फोटॉन. एरवी प्रकाशाचे कण एकमेकांना ओळखही न देता आरपार जातात. २०१३ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी अतिशीत रुबिडियम अणूंच्या ढगातून फोटॉन पाठवले, तेव्हा ते जोडीने बाहेर पडले. २०१८ मध्ये तिघांचीही गाठ बसली. २०२५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी अर्धवाहकात प्रकाश आणि पदार्थ यांची सांगड घालून ‘अतिघन’ अवस्था दाखवली. ‘प्रकाश घन केला’ असे मथळे या प्रयोगांवरूनच येतात, आणि खेळाडू तेच कात्रण तुमच्यासमोर धरतात. त्यांना सांगा: घन म्हणजे इथे कणांची शिस्तबद्ध मांडणी, डोकं आपटल्यावर टेंगूळ आणणारा कठीणपणा नव्हे. आणि हे सगळं माध्यमाच्या पोटात घडतं. माध्यम संपलं की प्रकाश पुन्हा आपल्या वाटेने मोकळा. गणकयंत्रं, संदेश, गुप्तलेखन यांसाठी ही वाट उत्तम.

यातच मंद प्रकाशाची उपवाटही आहे. १९९९ मध्ये लेने हाउ यांच्या गटाने अतिशीत अणूंतून जाणारा प्रकाश सेकंदाला १७ मीटरवर आणला, म्हणजे ताशी साठेक किलोमीटर, आपल्या एसटीच्या बेताचा. कालचं दृश्य आज बाहेर सोडणारी काच कोणाला सुचली तर मला जरूर कळवा.

नियमपत्रकात काय हवं

वाट निवडलीत की सगळे मिळून एक पान भरा. ‘घनप्रकाश कशाचा बनतो?’ हा प्रश्न सर्वात शेवटी घ्या, सुटला नाही तरी अडत नाही. खेळाडू प्रत्यक्षात विचारतात ते हे:

- धक्का कुठे जातो? भिंतीवर ट्रॅक्टर आदळला तर तो रेटा शेवटी कोण सोसतं? धुक्याच्या भिंतीत जमीन, आरशांच्या भिंतीत आरशांचे खांब. हवेत तरंगणाऱ्या ढालीचा धक्का ढाल धरणाऱ्या मनगटात जातो, आणि मनगट मोडतं. या एका ओळीवर कंजुषी करू नका. पत्रक फसलं की ते बहुधा इथेच फसलेलं असतं.
- वीज कुठून येते, बिल कोण भरतं? थकीत बिलापायी उपसा सिंचन योजनांचे पंप थांबल्याच्या बातम्या जत-आटपाडीच्या वाचकांना नव्या नाहीत. भिंतीचंही तेच होईल. भिंतीचा खटका ज्याच्या हाती, सत्ताही त्याच्याच हाती.
- उष्णता कुठे जाते? वाया गेलेली ऊर्जा तापवतेच. प्रकाशगृह नदीचं पाणी घेतं का? मग खालच्या गावाच्या माशांचं काय?
- कडा कुठे संपते? प्रकाश आपणहून थांबत नाही. तीन फुटांवर संपणाऱ्या तलवारीच्या टोकाला काहीतरी असावं लागतं: आरसा, धुक्याची सीमा, काहीही.
- काय आरपार जातं? हवा, आवाज, पाणी, मोबाइलचा सिग्नल.
- काय दिसतं? रंग, झगमग, पलीकडचं दृश्य. धुक्याची भिंत दुधी दिसेल, आरशांची जवळपास दिसणारच नाही.

मराठी संज्ञांवर अडलात तर वाईच्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी उघडा. भौतिकशास्त्रावरचं चांगलं लेखन तिथे आहे, विनामूल्य आहे, आणि शब्दांवरून होणारी भांडणं तिथल्या तिथे मिटतात.

आणि भारनियमन झालं तर?

वीज गेल्याचा प्रसंग पत्रकात लिहून ठेवणारी टेबलं मी फार कमी पाहिली. रात्री दोनला मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण विज्ञानकथा लिहायला बसलं की आपण सगळे अखंड वीजपुरवठ्याचे नागरिक होतो. पूल क्षणात नाहीसा होतो, की सावकाश विरत जातो? आधी इशारा मिळतो का? पुलावर वरात असेल तर?

माझा सल्ला: भिंत किंवा पूल विरायला ठरावीक अवधी द्या. आम्ही बारा सेकंद दिले आहेत. बारा सेकंदांत पळता येतं, खोटं बोलता येतं, कोणाला तरी मागे सोडता येतं. क्षणात कोसळणाऱ्या पुलावर खेळाडूच्या हातात काही उरत नाही, आणि कधीच न विरणारा पूल असला काय अन् सिमेंटचा असला काय.

दोन गावांचं एक जग

सामायिक जगात तंत्रज्ञान वाढत जातं. आज सांगलीत कोणी ढाल काढली की पुढच्या महिन्यात साताऱ्यात चिलखत निघतं. त्यासाठी काही पथ्यं:

- नव्या वस्तूला जुन्या पत्रकातल्याच नियमांचा आधार हवा. नवी थाप मारायची असेल तर दोन्ही सूत्रधारांची संमती घ्या.
- खेळात घडून गेलेलं खोडू नका. सांगलीची भिंत एकदा पावसात विरघळली असेल तर ती विरघळली. त्या खेपेचं धुकं भेसळीचं होतं, असं नंतर ठरवता येतं. कारण शोधत बसण्यात उलट एक अख्खी बैठक रंगते.
- बैठकीत वाद निघाला तर सूत्रधाराने दोन मिनिटांत तात्पुरता निकाल द्यावा. कायमचा नियम बैठक संपल्यावर ठरवा. दोन मिनिटं म्हणजे खरोखर दोन, घड्याळ लावा.
- भौतिकशास्त्राच्या पदवीधराला नकाराधिकार देऊ नका. त्याच्याकडून आकडेमोड करून घ्या, निकाल टेबलाचा असू द्या. (मी स्वतः हा पदवीधर होतो. मला गप्प बसवल्यावर खेळ सुधारला.)

हक्कांचं काय?

‘आमच्या जगावर कोणी कादंबरी लिहिली तर?’ हे विचारणारे वाढले आहेत, आणि ते बरं आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ आणि त्याच्या आसपासच्या कायद्यांतलं कामापुरतं एवढं लक्षात ठेवा:

- कल्पनेवर कोणाची मालकी नसते, तिच्या मांडणीवर असते. ‘धुकं गोठवणारा प्रकाश’ कोणीही वापरू शकतं. तुमच्या पत्रकाचा मजकूर, नकाशे, लिहिलेल्या कथा मात्र ज्यांनी लिहिल्या त्यांच्या. नोंदणी सक्तीची नाही.
- ज्याचा वाटा वेगळा काढता येत नाही असं लेखन संयुक्त ठरतं. त्याचा उपयोग एकट्याने परस्पर करू नका. कोणी काय लिहिलं याची तारखेसह वही ठेवा.
- हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क दिले तरी लेखक म्हणून आपलं नाव लावण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.
- टोपणनावाने खेळत असाल तर वहीत खरं नावही नोंदवा. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. पण टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या आणि खरा लेखक उघड न झालेल्या लेखनाचं संरक्षण प्रकाशनापासून साठ वर्षं मोजतात, एरवी लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं.
- गटात अठरा वर्षांखालची मुलं असतील तर त्यांनी सही केलेला करार कायद्याने टिकत नाही. पालकांना विचारात घ्या.
- ‘लाइटसेबर’ हे नाव दुसऱ्याच्या मालकीचं आहे. घरच्या टेबलावर काहीही म्हणा, छापताना आपला शब्द घडवा. ‘उजेडकाठी’ काय वाईट आहे?

पैशांचा व्यवहार होणार असेल तर सहीआधी वकिलांना दाखवा.

पहिली बैठक: भिंत पाडा

पत्रक तयार झालं की लगेच कथानक सुरू करू नका. एक संध्याकाळ फक्त भिंत पाडण्यासाठी ठेवा. खेळाडूंनी जमेल ते करून पाहावं: उसाने भरलेली ट्रॉली आदळवा, घागरभर पाणी ओता, आरसा धरा, हळद उधळा, दिवे घालवा, मांजर सोडा. सूत्रधाराने प्रत्येक वेळी पत्रक पाहून मिनिटभरात उत्तर द्यायचं. जिथे उत्तर सापडत नाही तो प्रश्न पानामागे लिहायचा. ट्रॉलीची उत्तरं आमच्याकडे तयार होती, अडलो ते मांजरापाशी. ते भिंतीवर चढून बसलं, खालचं धुकं विरू लागलं, आणि मांजराच्या केसांत गोठलेल्या धुक्याचं काय होतं हे कोणालाच सांगता येईना. त्या रात्री पानामागे सहा प्रश्न झाले.

पान भरलं की त्याचा फोटो दुसऱ्या गावच्या सूत्रधाराला त्याच रात्री पाठवा, मागची बाजू धरून.